शिगम्यापर्यंत टांगलेला कंदील

आकाशकंदील दिवाळीनंतर किती दिवसांनी उतरवावा याविषयी शास्त्रात काही सांगितलेलं असेल, तर ते आमच्या घरापर्यंत पोचलेलं नाही. आमचा कंदील तुळशीच्या लग्नाला होता, संक्रांतीला होता आणि माघ निम्मा सरला तेव्हाही पडवीच्या पायऱ्यांवर वाशाला टांगलेलाच होता. कागद केव्हाच उडून गेला होता. उरला होता कामट्यांचा सांगाडा, आणि त्याला रस्त्यावरच्या खनिजाच्या ट्रकांनी इतका छान तांबडा रंग दिला होता की लांबून तो नवाच वाटायचा. जयवंत, म्हणजे आमचे हे, "उद्या काढतो" असं कार्तिकापासून म्हणत होते. मी आठवण करणं पौषात सोडून दिलं. सासूबाईंनी मात्र सोडलं नव्हतं. "दिवाळेचो कंदील शिगम्याक लटकता," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. "लोक म्हणटले, ह्यांच्या घरांत पंचांग ना."

आणि मग एक दिवस कंदील काढणं कोणाच्याच हातात राहिलं नाही, कारण त्याच्या दोरीवर शिंजीर घर बांधायला लागली.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोचीचा, जास्वंदीच्या फुलात उलटा लटकून मध पिणारा. सासूबाईंच्या लेखी सगळे पक्षी 'सवणें' एवढ्या एका नावात मावतात, पण मला शाळेत चित्रांचं पुस्तक होतं, त्यामुळे मी शिंजीर म्हणते. मादीने कोळिष्टकं आणली, काथ्याचे धागे आणले, वाळकी पानं आणली, आणि एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत संजनाच्या पिवळ्या टोपीचा गोंडा उसवून नेला. नर अंगात जांभळा कोट घालून समोरच्या फांदीवर बसून गात होता. मी जयवंतांना बोलावून तो दाखवला. ते पेपर घेऊन आत गेले.

हे सगळं मला इतकं बारीक कसं दिसलं असं कोणी विचारील. सात महिन्यांच्या मुलीची आई दिवसातून जितके तास एका जागी बसून काढते, तितके न्यायाधीशसुद्धा काढत नसतील. (हे लिहितेय तेही ती झोपली आहे तेवढ्यात. मध्येच वाक्य तुटलं तर समजून घ्या.) आमच्या संजनाचं एक वेळापत्रक होतं: चार वाजेपर्यंत देवमाणूस, आणि चारपासून दिवेलागणीपर्यंत रडणं. नुसतं रडणं नव्हे, एखाद्यावर खटला भरावा तसं. डिचोलीच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारच्या शांतारामांनी ओव्याचा पाला सुचवला. माझ्या संध्याकाळी अशाच जात होत्या, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तिच्याबरोबर मीही रडत होते, फक्त माझा आवाज होत नव्हता.

घरट्यात पिल्लं झाली आणि हे थांबलं. मादी चोचीत किडा घेऊन आली की दोन केशरी चोची उघडायच्या, आणि माझ्या मांडीवरची ही तिसरी चोच आपली उघडलेली तशीच ठेवून, न रडता, वर बघत राहायची. पाच मिनिटांनी पुन्हा किडा, पुन्हा चोची, पुन्हा शांतता. अशी दिवेलागण व्हायची. त्या पाऊण तोळ्याच्या बाईने मला माझ्या संध्याकाळी परत दिल्या होत्या. आता पिल्लं उडेपर्यंत घरट्याला धक्का लागू द्यायचा नाही, एवढीच माझी मागणी होती. याहून लहान मागणी संसारात मी आजवर केलेली नाही.

पण शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, आठ दिवसांवर आला होता.

आमच्या वाड्यावर शिगम्याच्या पाचव्या दिवशी मेळ निघतो. कारापूरच्या अलीकडच्या वडापासून सुरू होतो आणि एकही घर न गाळता प्रत्येक अंगणात येतो. चाळीस माणसं, त्यात बारा ढोल, ताशे, झांजा, आणि पुढे देवाची लाल रेशमी छत्री, झालरीची, पुरुषभर उंच दांड्यावर. छत्री थेट पायरीपर्यंत येते, घरची सवाशीण तिला ओवाळते, मग म्होरक्या गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरासाठी देवाकडे मागणं मागतो. ज्या घरी मेळ गेला नाही त्या घराने काहीतरी भयंकर केलेलं असतं. आणि एकदा पहिल्या घरी ढोलावर टिपरू पडलं की शेवटच्या घरापर्यंत वाजप थांबत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एकाला विंचू चावला होता, तरी तो वाजवत राहिला होता, असं सांगतात.

मी पडवीत उभी राहून हिशेब केला. पायरीवर छत्री, छत्रीचं टोक कुठे, घरटं कुठे. टोक बरोबर घरट्यात.

शांताराम कुंपणावरून हे पाहत होते. त्यांची काजूची बागायत आहे, आणि मोहोर आल्यापासून ते दिवसभर आभाळाकडे बघत असतात, त्यामुळे मान वर करून कोणी उभं दिसलं की त्यांना आपुलकी वाटते. त्यांनी सोपा उपाय सांगितला: घरटं वर, मेळ खालून. "दोरी हातभर वयर ओढून बांद. मेळ सकयल्यान वतलो."

मादी बाहेर गेलेली पाहून जयवंत स्टुलावर चढले. दिवाळीत ही गाठ त्यांनीच मारली होती आणि ती कशी मारली होती हे त्यांना आठवत होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एक टोक ओढलं. गाठ सुटली. मी किंचाळले नाही, कारण संजना झोपली होती. फक्त जयवंतांचा पाय धरला. त्यांनी दोरी पकडली खरी, पण पुन्हा बांधली तेव्हा घरटं हातभर वर जाण्याऐवजी वीतभर खाली आलं होतं. आता ते छत्रीच्या टोकासमोर नव्हतं. सरासरी उंचीच्या माणसाच्या कपाळासमोर होतं. पुन्हा गाठीला हात लावायला मी साफ बंदी केली. शांताराम म्हणाले की दोरी नवीन हवी होती.

तेव्हा मी शिगमो समितीला अर्ज करायचं ठरवलं.

सगळी चूक इथे झाली, आणि ती मी शुद्ध मराठीत केली. 'मा. अध्यक्ष व चिटणीस यांस सप्रेम नमस्कार' पासून सुरू करून लिहिलं की आमच्या पडवीत पक्ष्याची लहान पिल्लं आहेत, तरी मेळाने यंदा तुळशीपाशीच थांबावं, ढोल हळू वाजवावेत, आणि शेवटी, अर्जाच्या शेवटी लिहितात म्हणून, 'पिलांच्या रक्षणार्थ समितीने शक्य ती सर्व मदत करावी'. चिटणीस गोकुळदास मास्तरांकडे जयवंत तो घेऊन गेले. मास्तर निवृत्त आहेत, पण लाल शाईचं पेन निवृत्त झालेलं नाही. त्यांनी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, अक्षराची स्तुती केली आणि अर्ज अध्यक्षांकडे पाठवला.

अध्यक्ष सगुणभाऊ. मेळाची छत्री धरायचा मान त्यांच्या घराण्याचा. आता गेल्याच महिन्यात राजभाषेचा कायदा झालेला, गोवा वेगळं राज्य होणार होणार म्हणून सगळे म्हणतायत, आणि राजभाषा मराठी की कोंकणी या दोन वर्षं चाललेल्या वादात सगुणभाऊ कोंकणीच्या बाजूने आणि मास्तर मराठीच्या बाजूने, इतके की एकाच बाकावर बसून बसची वाट बघताना दोघांची तोंडं दोन गावांकडे. सगुणभाऊ स्वतः आमच्या दारी आले. अर्ज हातात होता. त्यांनी वर पाहिलंच नाही, त्यांची टोपी घरट्याला चार बोटांनी चुकली.

"बाये, तूं घरांत किते उलयता? कोंकणी मू? मागीर अर्ज मराठींत कित्याक?"

मी बोलते कोंकणीत, लिहिते मराठीत, मुलीला झोपवते ती दोन्हींच्या मधल्या कसल्यातरी भाषेत. रात्रभर जागणाऱ्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत. मी बसून अर्ज कोंकणीत लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोंकणी कागदावर उतरवली, आणि घरातल्या लुगड्यावर बाजारात गेल्यासारखं वाटलं. पण वाचून पाहिला तर पिल्लं जास्त जवळची वाटत होती. तो अर्ज मास्तरांनी परत पाठवला. निरोप असा, की सूनबाईंचा अनादर नाही, परंतु देवकार्याचं लिखाण आजवर मराठीतच झालेलं आहे.

(उठली वाटतं. नाही, कूस बदलली.)

मेळाच्या आदल्या दिवशी समितीची बैठक झाली. जयवंतांना मी आपली बाजू मांडायला पाठवलं. ती तीन तास चालली. जयवंतांनी घरी येऊन सांगितलं त्यावरून, दोन माणसं उठून गेली, त्यातला एक परत आला, कोणाच्या तरी आजोबांच्या ताम्रपटापर्यंत विषय गेला, आणि अखेर तोडगा निघाला की दोन्ही अर्ज एका टाचणीने जोडावेत आणि दोन्ही भाषांना समान न्याय देऊन दोन्ही मंजूर करावेत. ठराव एकमताने झाला. टाळ्या पडल्या. जयवंतांच्या हातात कागद होता: शिक्का, दोन सह्या, 'मंजूर'.

मी म्हटलं, मग मेळ तुळशीपाशी थांबणार ना?

जयवंत पाणी पीत होते, त्यांनी भांडं हळूच खाली ठेवलं. तो विषय निघालाच नव्हता. अर्जात काय आहे हे कोणी विचारलं नव्हतं, आणि ते मध्ये बोलायला उठले तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांना, आता पुन्हा वाद नको, म्हणून खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच हवा बिघडली. वारा पडला. उकाडा असा की पाटाच्या फळीला हात चिकटत होता. तीनच्या सुमाराला घाटाच्या बाजूने मळब चढायला लागलं, आणि कुंपणापलीकडे शांतारामांनी डोक्याला हात लावला, कारण मळबाने काजूचा मोहोर करपतो. बागेतलं एकेक गप्प होत गेलं. आधी सातभाईंची भांडणं थांबली. मग बुलबुल. दयाळ रोज कुंपणाच्या वईवर बसून संध्याकाळ सुरू करतो, तो आलाच नाही. फक्त आमची शिंजीर, नेहमीच्या दुप्पट फेऱ्या मारत होती. तिलाही ठाऊक होतं.

चारला लांबून ढोल ऐकू आले. वडापासून आमचं घर नववं.

पहिलं घर, दुसरं घर. सासूबाईंनी आरती तयार केली, मला नवी साडी नेसायला लावली. मी नेसले, संजनाने खांद्यावर दूध काढलं. तिसरं. चौथ्याला आभाळ गडगडलं, आणि ढोल मुद्दाम जास्त जोरात झाले. शिंजीर किडा घेऊन आली, दोन चोची उघडल्या, गेली. पाचवं घर, सहावं. आता पायऱ्यांना आवाज जाणवत होता. कंदिलाचा सांगाडा थरथरत होता आणि त्याच्यावरची तांबडी धूळ माझ्या नव्या साडीवर पडत होती. सातव्या घराला शिंजीर जास्वंदीवर किडा घेऊन आली आणि तिथेच अडकली. पुढे येईना. घरट्यातून एक बारीक चीची ऐकू आली आणि मग तीही ऐकू येईना, कारण मेळ आठव्या घरी, म्हणजे शांतारामांच्या अंगणात, शिरला होता.

जयवंत मंजूर झालेला अर्ज घेऊन फाटकात उभे राहिले. बारा ढोलांसमोर कागद दाखवणारा माणूस किती लहान दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. पहिल्या ढोलवाल्याने त्यांना नमस्कार केला आणि बाजूने आत आला. मग सगळेच आले. तुळस मागे पडली. सगुणभाऊ छत्री उंच धरून, डोळे अर्धे मिटून, पायरीकडे नाचत येत होते, आणि त्यांचं कपाळ आणि ते घरटं यांच्यामध्ये दहा पावलं राहिली, आठ राहिली.

मी संजनाला काखेत घेऊन खालच्या पायरीवर उतरले आणि हात आडवा केला.

"थांबा."

हे मी ओरडून म्हटलं नाही. ओरडले असते तरी ऐकू गेलं नसतं. पण धूळभरल्या साडीतली, खांद्यावर दूध, काखेत पोर, अशी बाई मेळाला हात आडवा करते हे त्या वाड्यावर कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या ढोलाचं टिपरू हवेत राहिलं. मग दुसऱ्याचं. विंचू चावूनही न थांबलेलं वाजप आमच्या अंगणात थांबलं. मागचा एक ताशा बिचारा एकटाच थोडा वेळ वाजत राहिला आणि शरमून गप्प झाला. मला वाटलं, आता वाड्यावर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आणि त्या शांततेत वारा सुटला.

माडाच्या झावळ्या एका बाजूला गेल्या, अंगणातला पाचोळा उभा राहिला आणि टपोऱ्या थेंबांचा मारा सुरू झाला. ढोलाचं चामडं भिजलं तर शिगमो संपला, म्हणून चाळीस माणसं ढोल पोटाशी धरून, वाकून आमच्या पडवीत घुसली. आम्ही भिंतीला लागलो. पाऊस पूर्वेचा, थेट पायऱ्यांवर येणारा. कंदिलाच्या सांगाड्याला वाऱ्याने धरलं आणि दोरी अशी झोके घ्यायला लागली की घरटं वाशाकडे जायचं, परत यायचं, जायचं, परत यायचं. जयवंतांची गाठ. माझ्या मनात फक्त ती गाठ होती.

"थंय पिलां आसात," मी सगुणभाऊंना म्हटलं. यापलीकडे मला काही सुचलं नाही, कुठल्याच भाषेत.

सगुणभाऊंनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. घरटं झोक्याबरोबर पुढे आलं तेव्हा त्याच्या दारात दोन मिटलेल्या चोची दिसल्या.

"मास्तर," सगुणभाऊ म्हणाले, "अर्जांत किते आशिल्लें?"

मेळाबरोबर आलेल्या मास्तरांनी जयवंतांच्या हातातून ओला कागद घेतला, चष्मा पुसला, तो जास्तच धुरकट झाला, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. "पिलांच्या रक्षणार्थ समितीने शक्य ती सर्व मदत करावी."

"मंजूर केला मू आमी?"

"केला."

"कोंकणींतलो बी?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले. "एकमताने."

सगुणभाऊंनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं. ती छत्री माणसावर धरत नाहीत, देवावर धरतात. मागून कोणीतरी हे बोललंही. तेव्हा माझ्या सासूबाई, ज्या कंदिलापायी चार महिने मला ऐकवत होत्या, आरती खाली ठेवून म्हणाल्या, "देवाक पावसान किते जाता? पिलांक जाता."

सगुणभाऊ पायऱ्या उतरून भर पावसात उभे राहिले आणि त्यांनी छत्री आडवी करून वाऱ्याच्या तोंडाला लावली. झोका लहान झाला. आणखी लहान झाला. मग दोरी नुसती थरथरत राहिली. मास्तर त्यांच्या मागे गेले आणि वाऱ्याने छत्री उलटू नये म्हणून दांड्याला त्यांच्या हाताखाली आपला हात लावला. चाळीस माणसं घरट्याखाली श्वास धरून उभी. कोणाला खोकला आला तर तो ढोलामागे तोंड लपवत होता. चार ते दिवेलागण ही संजनाची वेळ. पण ती लाल झालरीकडे बघत, तोंड उघडं टाकून, गप्प.

पाऊण तास गेला असं मला वाटलं. जयवंत म्हणतात, बारा मिनिटं.

पाऊस गेला तसा एकदम गेला आणि पिवळं ऊन पडलं. शिंजीर जास्वंदीवर होती. ओली, अर्धी झालेली, आणि चोचीत तोच किडा. ती पुढे यायची, पडवीतली गर्दी बघायची, मागे जायची. आता एवढी माणसं पायऱ्यांवरून, तिच्या अंगावरून, कशी बाहेर काढायची? सासूबाईंनी मागचं दार उघडलं. त्यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात माझी सख्खी आई पाय धुतल्याशिवाय गेलेली नाही. तिथून चाळीस माणसं ढोल डोक्यावर घेऊन, चुलीला वळसा घालून, एकामागून एक बाहेर पडली. गाऱ्हाणं राहिलं होतं, ते मास्तरांनी आमच्या चुलीपाशी उभं राहून घातलं, कुजबुजत: ह्या घरच्या थोरामोठ्यांक, लेकराबाळांक, आणि दोरीवयल्यांक सुखी दवर. आणि मागच्या दारात ताटकळलेल्या सगळ्यांनी तितक्याच हळू म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पडवीत आम्ही तिघं राहिलो, मी, जयवंत आणि संजना, आणि पायरीखाली छत्री तसूतसूने उतरवणारे सगुणभाऊ. शिंजीर आली. दोरीवर बसली. एक चोच उघडली. किडा दिला. ती उडाली, पुन्हा आली. पुन्हा तीच एक चोच.

सगुणभाऊंनी मला एक बोट दाखवलं, प्रश्नासारखं. शिंजीर तिसऱ्यांदा गेली आणि यायला फार वेळ लागला. आली तेव्हा पहिलीच्या मागून, गोंड्याच्या पिवळ्या लोकरीत अडकलेली, चिडलेली अशी दुसरी चोच वर आली.

सगुणभाऊंनी दुसरं बोट उघडलं. मागच्या दारापासून फाटकापर्यंत ते बोट कसं पोचलं ठाऊक नाही, पण रस्त्यावर ढोल वाजला. चामडी भिजलेली, त्यामुळे आवाज ओल्या गोणीसारखा.

पुढचे तीन दिवस मी घरट्यासमोरून उठले नाही. पिल्लं उडताना मला बघायची होती. चौथ्या दिवशी दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून संजनाला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी आत धावले. भांडं चुलीवरून उतरवलं, सांडलेलं पुसलं, परत आले. सासूबाईंना डुलकी लागली होती. घरटं रिकामं होतं. जास्वंदीत कोणीतरी नवखं, धडपडत, चीची करत होतं.

पाहिलं ते फक्त संजनाने. ती त्या दिवशी चारपासून दिवेलागणीपर्यंत बोलत होती. दोन्ही हात वर करून, थुंकीचे फुगे काढून, मध्येच थांबून मला कळलं की नाही हे बघून, पुन्हा पहिल्यापासून. मी सगळं ऐकून घेतलं. कुठल्या भाषेत ते विचारलं नाही.